गाडी काले मळी जशे

काळाच्या बाबतीत मराठी भाषा फार शिस्तीची आहे. होऊन गेला तो 'काल', येणार तो 'उद्या'. दोघांची घरं वेगळी, चुलीही वेगळ्या. गुजरातीने ही वाटणी केलेली नाही. तिथे नुसतं 'काले' म्हटलं की ते कालचंही असतं आणि उद्याचंही, कोणतं ते क्रियापदाच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. (आपणही फार ताठ मानेने फिरायला नको, आपला 'परवा' दोन्ही दिशांना तोंड करून बसलेलाच आहे.) सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला हा फरक समजून घ्यायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. एखादा छोटा मालवाहू टेम्पो विकत घ्यावा, तो बिघडेपर्यंत धीर धरावा (फारसा धरावा लागत नाही) आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जाऊन उभं राहावं. 'गाडी काले मळी जशे.' व्याकरण सांगतं, 'जशे' हा भविष्यकाळ आहे, म्हणजे गाडी उद्या मिळेल. पण हेच वाक्य सोमवारी, मंगळवारी आणि शुक्रवारीही त्याच गोड सुरात ऐकल्यावर कळतं, की या इमारतीत भविष्यकाळ हा पत्ता आहे आणि आपली गाडी तिथे कायमची राहायला गेली आहे.

टेम्पो बिघडतो ही मुळात तक्रार नाहीच. यंत्र आहे, झिजणार, तापणार, रुसणार. बैलही आजारी पडतो. तक्रार वेगळी आहे, आणि ती नेमकी मांडली तर काउंटरवरची बरीचशी आदळआपट वाचेल: हे वाहन विकताना दिवसाच्या हिशेबाने विकतात आणि दुरुस्त करताना पुर्ज्याच्या हिशेबाने दुरुस्त करतात. शोरूममधला सेल्समन कॅल्क्युलेटर पुढे ओढतो तो क्षण आठवा. दिवसाला इतक्या फेऱ्या, फेरीला इतकं भाडं, त्यातून डिझेल वजा, हप्ता वजा, उरले ते तुमच्या खिशात. प्रत्येक आकडा दिवसाने गुणलेला. गिऱ्हाईक तिथे गाडी विकत घेतच नाही, तीस दिवसांचा भरगच्च महिना विकत घेतं. तीच गाडी महिन्याभराने वर्कशॉपच्या फाटकातून आत शिरली की दिवस नावाचा प्राणी हिशेबातून नाहीसा होतो. आता मोजायचं ते क्लच प्लेट, इंजेक्टर, सेन्सर, वायरिंग. वॉरंटीच्या पुस्तिकेत कोणते पुर्जे बदलून मिळतील ते ओळीने छापलेलं असतं. गाडी उभी राहिल्यामुळे बुडालेल्या कमाईशी आमचा संबंध नाही, हेही छापलेलं असतं. फक्त ते अक्षर इतकं बारीक, की आधी चष्म्याच्या दुकानात जाऊन यावं.

या वाहनाच्या नावातच थोडी गंमत आहे. टेम्पो हा हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या तीनचाकी गाडीचा छाप. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून ती आपल्याकडे रुजवली, आणि नाव असं चिकटलं की कुठल्याही कंपनीची लहान मालगाडी आपल्याला टेम्पोच. पुढे २००५ साली त्या कंपनीने स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. जन्मदात्यांनी नाव सोडलं, शेजाऱ्यांनी चालू ठेवलं. त्याच वर्षी टाटांची एस आली, लोकांनी तिला 'छोटा हाथी' म्हटलं, आणि तेही नाव मग रस्त्यावरच्या सगळ्याच छोट्या टेम्पोंनी वाटून घेतलं. हत्ती म्हटलं की मराठी माणसाला म्हण आठवते: हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. सर्व्हिस सेंटरचं सगळं शास्त्र या म्हणीत मावतं. इंजिन उतरवलं, बांधलं, चढवलं, गाडी धुऊन पुसूनही ठेवली. फक्त अंगठ्याएवढा एक सेन्सर यायचाय. तो कुठून यायचाय हे कोणी सांगत नाही. 'वरून' येणार एवढंच कळतं. पाऊसही वरूनच येतो, पण त्याचा अंदाज निदान हवामान खातं देतं.

आता दिवसाची किंमत. ती सुरतेत जितकी रोकडी कळते तितकी क्वचितच कुठे कळत असेल, कारण हे शहर कापड जितकं विणतं तितकंच ते इकडून तिकडे नेतं. सूत यंत्रमागाच्या कारखान्यात जातं. विणून झालेले कोरे ताके, ज्यांना इथे 'ग्रे' म्हणतात, ते पांडेसरा, सचिन, पलसाणा, कडोदऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये जातात. रंगून, छापून ते रिंग रोडच्या मार्केटात परततात. मग भरतकामाला एका गल्लीत, लेस लावायला दुसऱ्या, खडे चिकटवायला तिसऱ्या. तिथून घडी, पॅकिंग, पार्सल आणि शेवटी ट्रान्सपोर्टचं गोदाम. नेसणारीच्या कपाटात घडी घालून पडून राहायच्या आधी साडीने पाच-सहा वेळा टेम्पोतून हवा खाल्लेली असते. या साखळीत प्रत्येक जण पुढच्याची वाट पाहत असतो. लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर पार्सल संध्याकाळच्या ट्रकवर चढलं नाही, तर पलीकडच्या गावातलं दुकान रिकामं राहतं. त्यामुळे टेम्पो उभा राहिला म्हणून व्यापारी उभा राहत नाही. तो दुसऱ्याचा टेम्पो बोलावतो. त्याचंही काही चुकत नाही. पंचाईत अशी की तो दुसरा दुसऱ्या दिवशीही येतो, तिसऱ्या दिवशी त्याला कुलपाची किल्ली कुठे असते तेही ठाऊक झालेलं असतं, आणि आठवड्याने आपली गाडी धुऊन-पुसून बाहेर येते तेव्हा पुर्जा नवा असतो, भाडं देणारा जुना मात्र राहिलेला नसतो.

हप्त्याचं गणित तर मुलंही करतील. समजा महिन्याचा हप्ता १४ हजार आहे. म्हणजे गाडी हलो न हलो, रोजचे साडेचारशेहून अधिक रुपये गेले. विम्याला गाडी उभी आहे हे कोणी कळवत नाही. कर भरून झालेला असतो. फायनान्स कंपनीच्या शब्दकोशात 'काले' हा शब्द नाही, तिथे तारीख असते आणि ती चुकली की दंड असतो. एकाच गाडीबद्दल एक संस्था दिवस मोजते, दुसरी मोजत नाही, आणि अनेकदा दोघींची टेबलं एकाच शोरूममध्ये, एकाच एसीखाली लागलेली असतात.

मग हे सेंटरवाले दुष्ट आहेत का? अजिबात नाही. काउंटरवरचा सर्व्हिस अॅडव्हायझर हा बहुधा इस्त्रीच्या शर्टातला, कमी पगाराचा, सकाळपासून शंभर जणांची बोलणी खाल्लेला तरुण असतो. त्याच्यावर ओरडणं म्हणजे उशीर झाला म्हणून स्टेशनच्या घड्याळाला दगड मारणं. अडचण व्यवस्थेच्या पोटात आहे. वॉरंटीबाहेरच्या, म्हणजे पैसे मोजून करायच्या कामाला गिऱ्हाईक जागेवर बिल भरतं. वॉरंटीतल्या कामाचे पैसे डीलरला कंपनी देणार, तेही ठरलेल्या दराने, जुना पुर्जा आणि कागद पाठवून क्लेम मंजूर झाल्यावर. आता सांगा, एकच मेकॅनिक, एकच रॅम्प आणि दोन गाड्या असल्या तर आधी वर कोणती चढेल? वॉरंटीची गाडी म्हणजे लग्नाच्या पंगतीतला घरचा माणूस. त्याला शेवटी वाढतात, कारण तो रागावून जाणार कुठे? नव्या गाडीच्या मालकाला मात्र वाटत असतं की आपण पाहुणे आहोत.

यावर कंपन्यांचं एक उत्तर असतं: आम्ही समाधानाची मोजणी करतो. करतात, आणि ती मोजणी हा या सगळ्या कारभारातला सर्वांत विनोदी भाग आहे. फोन येतो, कधीकधी गाडी हातात यायच्या आधीच. अॅडव्हायझरचं वागणं कसं होतं? बसायला जागा होती का? पाणी विचारलं का? गाडी स्वच्छ धुतली होती का? दहापैकी किती गुण द्याल? त्याआधी अॅडव्हायझरने हात जोडून सांगून ठेवलेलं असतं, की साहेब, नऊ दिलेत तरी ते नापासात धरतात. जगात कुठल्याही परीक्षेत नव्वद टक्क्यांना नापास करत नाहीत, पण इथे करतात. गिऱ्हाइकाला त्या पोराची दया येते आणि तो दहा देऊन टाकतो. हे दहा गुण दयेचे असतात, वरच्या कार्यालयात ते सेवेचे म्हणून जमा होतात, आणि भिंतीवर लावायला एक सुंदर आलेख तयार होतो. संपूर्ण प्रश्नावलीत 'तुमची गाडी किती दिवस उभी होती?' हा प्रश्न सापडला तर तो छापखान्याची चूक समजावा.

शोरूमची बाजूही ऐकायला हवी, आणि त्यांचा पहिला आक्षेप खरा आहे: टेम्पोवाले माल मापाबाहेर भरतात. भरतातच. पाटे उलटे वाकेपर्यंत, फाळका दोरीने बांधून, वर ताडपत्री, तिच्यावर आणखी दोन गठ्ठे आणि त्यांच्यावर एक मजूर बसवून भरतात. साडेसातशे किलोच्या गाडीवर दीड टन लादल्यावर क्लच जळाला तर कंपनीच्या नावाने शंख करण्यात अर्थ नाही. पण हे दीड टन आले कुठून? सेल्समनचं बोलणं ऐकलेला कुणीही सांगेल, की कागदावर साडेसातशे असलं तरी तोंडाने 'अरे भाई, दीड टन खुशाल घाला' हेच चालतं. एकाच छपराखाली काचेच्या दारापलीकडे गाडी हत्ती असते आणि अलीकडे शेळी. विकणाऱ्याची जीभ आणि दुरुस्त करणाऱ्याची जीभ यांची एकदा गाठ घालून द्यायला हवी. शिवाय जास्त भरल्याने पाटे तुटतात, क्लच जातो. डॅशबोर्डावरचा दिवा विनाकारण पेटणं, काच खाली न जाणं आणि पहिल्याच पावसात कॅबिनच्या छतातून टपटप गळणं यांचा दीड टनाशी संबंध जोडायला मोठीच प्रतिभा लागते. ती प्रतिभाही वर्कशॉपात असते.

'बघून घ्यायची होती गाडी' असंही म्हणतात. तापीच्याच वरच्या अंगाला, नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला, दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे घेणारा दात मोजतो, अंगावरचे भोवरे तपासतो, चालवून, पळवून पाहतो, मग बोलणी करतो. त्याच नदीच्या खालच्या टोकाला, सुरतेत, शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह मिळते ती रिकाम्या गाडीची, गुळगुळीत रस्त्यावर, शेजारी सेल्समन बसलेला. रिकाम्या मालगाडीची परीक्षा म्हणजे पोहणाऱ्याची परीक्षा कोरड्या काठावर.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एवढा त्रास आहे तर उधन्याच्या कुठल्याही गॅरेजमधल्या मिस्त्रीकडे जा, कोणी अडवलंय? एकेकाळी हे उत्तर पुरलं असतं. जुन्या टेम्पोचं इंजिन मिस्त्री आवाजावरून ओळखायचा. गाडी टोचन करून आणली की पान्याने दोन ठिकाणी ठोकून तो आजार सांगायचा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि गाडीच्या पोटात सेन्सरांचं जाळं आलं. शहराच्या हवेसाठी हे आवश्यकच होतं, त्याबद्दल तक्रार करणारा माणूस श्वास घेत नसावा. पण त्याचा एक परिणाम पाहा. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळायला तिला चांगली ऊब लागते, आणि ती ऊब गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालली तर मिळते. सहारा दरवाज्यापासून रिंग रोडने ज्याने कधी प्रवास केला आहे त्याला विचारा, सलग पंधरा मिनिटं तिथे काय चालतं. हॉर्न. मग गाळणी तुंबते, दिवा पेटतो, गाडीची ताकद उतरते, आणि टेम्पोवाला रिकामी गाडी कामरेजपर्यंत हायवेवर पळवून आणतो; डॉक्टरने सांगितलं म्हणून पहाटे तापीकाठी फिरायला जाणाऱ्या शेठजींसारखी. याने भागलं नाही तर कंपनीचा स्कॅनर लागतो. तो मिस्त्रीकडे नसतो. आणि मिस्त्रीने हात लावला तर वॉरंटी जाईल ही धमकी आहेच. अडवलं कोणी नाही, फक्त बाकीचे सगळे दरवाजे बंद आहेत.

ही नुसती टेम्पोवाल्यांची कुरकुर आहे असं वाटत असेल तर २५ ऑगस्ट २०१४ चा भारतीय स्पर्धा आयोगाचा निकाल पाहावा. मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण मोटारींचं होतं आणि ते पुढे अपिलात गेलं, पण रोगाचं निदान तेच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही घेतली आहेत. पोर्टल आहे, रॅम्पवर मात्र अजून गाडी एकच चढते.

तिसरा आक्षेप शहाण्या माणसांचा असतो: हा धंदा आहे, धंद्यात नफा-तोटा चालायचाच, टेम्पोवाला काही मिक्सर घेतलेली गृहिणी नव्हे. कायद्याला हा प्रश्न पडून गेलेला आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. मात्र पोटासाठी, स्वतः राबून चालवायला घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या उदाहरणांत ट्रकही होता: स्वतः माल वाहायला ट्रक घेणारा माणूस ग्राहकच, मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरीही. म्हणजे स्टिअरिंगला हात असला तर ग्राहक, दहा गाड्या घेऊन गादीवर बसला तर नाही.

मराठी कानाला हा भेद नवा नाही. सरकारी घोड्यावर बसायचा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा तो शिलेदार. बारगिराचा घोडा मेला तर नवा देणं सरकारकडे. शिलेदाराचा मेला तर तो स्वतः पायी. सुरतेचा टेम्पोवाला शिलेदार आहे. आणि सुरतेवर लिहिणाऱ्या मराठी लेखकाला १६६४ आणि १६७० चा उल्लेख टाळता येत नाही, तेव्हा तो एकदाचा करून टाकतो. शिवाजी महाराजांनी सुरतेतून जे नेलं ते राजगडापर्यंत सह्याद्री ओलांडून गेलं, वाटेत एकाही सर्व्हिस सेंटरविना. जुन्या स्वाऱ्यांत पथकाबरोबर रिकामे, राखीव घोडे चालवत नेत. त्यांना कोतल म्हणत. एक जनावर लंगडलं तर दुसरं हजर. आजच्या वितरकाकडून मागायचं ते एवढंच. गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त अडकणार असेल तर एक कोतल टेम्पो द्या, नाहीतर दिवसाचे ठरलेले पैसे द्या. महागड्या मोटारींच्या मालकांना बदली गाडी काही ठिकाणी मिळतेही. त्यांना ती क्लबात जायला हवी असते. ज्याला ती चूल पेटवायला हवी, त्याला पाण्याची बाटली मिळते. यावर कंपनी म्हणेल की गाडीची किंमत वाढेल. वाढू दे थोडी. ज्या दिवशी उभ्या गाडीचा दिवस कंपनीच्या खात्यातून वजा व्हायला लागेल, त्या दिवशी तो 'वरून' येणारा सेन्सर खालच्याच गोदामात सापडेल.

तोपर्यंत ग्राहक आयोगाची वाट आहे. ती छान फुलांनी सजवलेली नाही. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो, आणि 'प्रयत्न करू' हे वाक्य आपण याआधी एका काउंटरवर ऐकलेलं आहे. पण तिथे एक गोष्ट आहे जी वॉरंटीच्या पुस्तिकेत नाही: पुर्ज्याबरोबर नुकसानीची भरपाईही मागता येते, म्हणजे दिवसाचा हिशेब मांडता येतो. वकील सक्तीचा नाही, आणि पाच ते दहा लाखांत घेतलेल्या गाडीला फी २०० रुपये आहे. हिशेब मांडायला मात्र कागद लागतो, म्हणून गाडी आत सोडताना जॉब कार्डावर तारीख आणि वेळ घालून घ्या, बाहेर काढताना पुन्हा घालून घ्या, आणि मधल्या काळातला प्रत्येक 'काले' मेसेजवर लेखी मागा. तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.